लेकराला माप कोणते लावायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. आज मला बोलायला सांगितले आहे ते पीएच.डी.च्या अभ्यासावर. कार्यवाहबाईंनी विषय सांगितला तेव्हा माझी जाऊ म्हणाली, ‘‘ज्यांनी आठवीचे तोंड पाहिले नाही, त्या पीएच.डी.वर बोलणार!’’ घरात सगळे हसले, मीही हसले. पण मंडळाने हे काम मजवर सोपविले त्याला कारण आहे. गेले आठ महिने मुंबईहून एक मुलगी आपल्या पूर्वभागात येऊन लहान मुलांच्या वाढीचा अभ्यास करीत आहे. माहेर तिचे इकडचेच. मला तेलुगू बोलता येते व कानडी समजते, म्हणून तिच्याबरोबर घरोघर जाण्यास मंडळाने मला सांगितले. तेव्हा जे पाहिले आणि तिच्याकडून जे ऐकले, तेवढेच मी आपणांपुढे ठेवणार आहे. तिचे नाव मी घेणार नाही व कोणा मुलाचेही घेणार नाही. तो तिच्या अभ्यासाचा नियम आहे आणि मला तो आवडला.

तिच्या विषयाचे नाव मोठे आहे : उपयोजित विकासात्मक मानसशास्त्र. मी ते चार दिवस पाठ करीत होते. अर्थ मात्र सोपा आहे. मूल जन्मल्यापासून मोठे होईपर्यंत त्याची समज, बोलणे, चालणे, रुसणे, इतरांत मिसळणे हे कसकसे वाढत जाते, ते पाहणारे शास्त्र म्हणजे विकासात्मक मानसशास्त्र. आणि ते ज्ञान कपाटात न ठेवता घरात, बालवाडीत, दवाखान्यात मुलांच्या कामी लावायचे, म्हणून उपयोजित.

आता आपल्यापैकी पुष्कळजणी जो प्रश्न मला रस्त्यात गाठून विचारतात, तो आधी घेते. ‘‘अहो, पोरे सांभाळायला पीएच.डी. कशाला हवी? आपल्या आज्यांनी दहा-दहा वाढविली, त्या काय शिकल्या होत्या?’’

प्रश्न खोटा नाही. आजीला पुष्कळ कळत होते. पण आजीने पाहिली ती आपल्या घरातली आणि शेजारची मिळून वीस-पंचवीस मुले. एखादे मूल दीड वर्षाचे होऊनही चालले नाही, तर एक आजी म्हणते, ‘‘याचा बापही उशिराच चालला’’. दुसरी म्हणते, ‘‘पायांत जोर नाही, दाखवा कोणाला तरी.’’ दोघीही अनुभवाच्याच, मग खरी कोण? हे ठरवायला शेकडो मुले नीट पाहून, ती कितव्या महिन्यात चालली हे लिहून ठेवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत असे काम केले व 2006 साली त्याचे आकडे प्रसिद्ध केले. निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागते ते 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान, आणि आधाराशिवाय बसते ते 3.8 ते 9.2 महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे शेजारणीचे दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यात, तर रडण्यासारखे काही नाही. पण अठरा महिने उलटून गेले तर ‘बापावर गेला’ म्हणून स्वस्थ बसायचेही नाही, डॉक्टरांना दाखवायचे. आजीच्या शहाणपणाला आकड्यांची जोड मिळाली, ती अशी.

मुलांकडे पाहण्याची ही दृष्टी ज्यांनी दिली त्यांत झाँ पियाजे या गृहस्थांचे नाव पहिल्या रांगेत येते. ते स्वित्झर्लंडचे, 1896 साली जन्मले व 1980 साली वारले. त्यांनी आपल्या स्वतःच्या तीन मुलांचे तान्हेपणापासून बारकाईने निरीक्षण करून टिपणे ठेवली. त्यांचा एक प्रयोग आपण प्रत्येकीने स्वयंपाकघरात करून पाहावा. मी ताक घेऊन केला. दोन सारख्या फुलपात्रांत सारखे ताक ओतले. शेजारचा चार वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘‘दोन्हीत सारखं.’’ मग त्याच्या डोळ्यांदेखत एका फुलपात्रातले ताक उंच, निमुळत्या पेल्यात ओतले आणि विचारले, ‘‘आता?’’ तो पेल्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘यात जास्त!’’ त्याची आठ वर्षांची बहीण त्याला हसली. ‘‘वेडा आहेस, ताक तेच आहे.’’ घरात रोज जे भांडण होते, ‘‘दादाला जास्त दिलं, मला कमी दिलं,’’ त्याचे मूळ येथे सापडते. धाकटे हावरे नसते. त्या वयात डोळ्याला जे उंच दिसते ते मनालाही जास्त वाटते. अशा वेळी धपाटा घालून उपयोग नाही, दोघांना सारखी भांडी द्यावीत.

या गोष्टीला पुढे आणखी एक फाटा फुटला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. स्कॉटलंडमधील मार्गारेट डोनाल्डसन या बाईंनी विचार केला, की मूल चुकते ते समज नाही म्हणून, की आपण विचारतो त्या पद्धतीमुळे? त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. मोठ्या माणसाने एक ओळ पसरून ‘आता?’ असे विचारले, की पुष्कळ मुले ‘यात जास्त’ म्हणत. पण तीच ओळ एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीने विस्कटली असे दाखविले, तेव्हा त्याच वयाची कितीतरी अधिक मुले ‘सारख्याच आहेत’ असे बरोबर सांगू लागली. हे काम 1974 साली प्रसिद्ध झाले. मोठे माणूस तोच प्रश्न दोनदा विचारते, तेव्हा मुलाला वाटते, आपले पहिले उत्तर चुकले असावे. आपणही दरडावून ‘‘नीट सांग!’’ म्हटले, की येत असलेले उत्तर मूल बदलते, हे आपण पाहिलेलेच आहे. भगिनींनो, प्रश्न कोणी विचारला, कसा विचारला आणि कोणत्या भाषेत विचारला, यावर मुलाची परीक्षा अवलंबून असते. माझ्या सगळ्या बोलण्याचे सार यातच आहे.

आता परदेश सोडून आपल्याकडे येऊ. आपल्या देशातील तान्ह्या मुलांची वाढ पूर्वी परदेशी मापांनी मोजली जात असे. अमेरिकेत नॅन्सी बेली या विदुषीने अशी मापे तयार केली होती. पण तिथले घर वेगळे, खाणे वेगळे, खेळणी वेगळी. ती मापे आपल्या बाळांना जशीच्या तशी कशी लागू पडावीत? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी हा प्रश्न हाती घेतला. बेलीबाईंची पद्धत घेऊन त्यांनी बडोद्याची बाळे पाहिली : एक महिन्याच्या बाळापासून अडीच वर्षांच्या मुलापर्यंत कोणती गोष्ट कधी येते, ते नोंदविले. त्यातून 1970 साली भारतीय अर्भकांच्या विकासाची मोजपट्टी तयार झाली. तिच्यात हालचालींच्या 67 आणि मनाच्या वाढीच्या 163 बाबी आहेत. नजर फिरविणे, वस्तू धरणे, आवाजाकडे वळणे, शब्द बोलणे अशा त्या बाबी. निम्म्या मुलांना एखादी गोष्ट कितव्या महिन्यात येते आणि जवळजवळ सगळ्यांना कितव्या महिन्यापर्यंत येते, हेही तिच्यात दिलेले आहे. या बडोद्याच्या कामातूनच पुढे केरळात त्रिवेंद्रमच्या तज्ज्ञांनी सतरा बाबींचा छोटा तक्ता काढला. त्याला साहित्य काय लागते म्हणाल, तर एक पेन आणि किल्ल्यांचा जुडगा! एवढ्यावर कार्यकर्तीला पाच-सात मिनिटांत कळते, की या बाळाला मोठ्या तपासणीसाठी पाठवायचे की नाही. पीएच.डी.चे शिक्षण कशाला, असे विचारणारीने हा जुडगा आठवावा.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे, आणि त्यात पीएच.डी.ची पदवी नाही. तरी काम मात्र याच शास्त्राचे आहे. ताराबाई मोडक या 1892 साली जन्मलेल्या, 1914 साली पदवीधर झालेल्या बाई. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि 1945 साली डहाणू भागातील बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. पुढे 1957 साली त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा लोक म्हणत, या मुलांना शिकण्याची गोडीच नाही. ताराबाईंनी नीट पाहिले, तो मुले गुरे राखीत होती नाहीतर धाकटे भावंड कडेवर घेऊन बसलेली होती. मग त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली. पाने, बिया, शिंपले हीच खेळणी केली. आज जिला आपण सगळ्या ‘अंगणवाडी’ म्हणतो, ती कल्पना या कामातून पुढे आली. आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केल्यावर अंगणवाडी देशभर पोहोचली. अनुताईंची गोष्ट तर आपण आपल्या लेकींना सांगावी अशी आहे. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, त्यानंतर शिक्षण. आणि पदवी घेतली ती पन्नाशी उलटल्यावर! 1985 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या गल्लीत येते.

सोलापुरात किती भाषा आहेत, हे आपणांस मी सांगायला नको. घरात तेलुगू, शेजारी कानडी, पलीकडे उर्दू, बाजारात मराठी. विडी वळणारी आई सकाळी सूप मांडीवर घेऊन बसते, ती हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत उठत नाही. अशाच एका घरात चार वर्षांची मुलगी होती. एका शाळेत तिला प्रवेशासाठी नेले. बाईंनी चित्रे दाखवून मराठीत विचारले, ‘‘हे काय? ते काय?’’ मुलगी गप्प. ‘‘मूल मंद दिसते, पुढच्या वर्षी आणा,’’ असे सांगून त्यांना परत पाठविले. आईने तो शेरा खरा धरला. आम्ही गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘हिला शाळा जमायची नाही अक्का. राहील घरी. हाताखाली पत्ता कापील.’’

अभ्यासाच्या मुलीने तिला हत्तीचे चित्र दाखविले. ती पुन्हा गप्प. मग मी तेलुगूत विचारले, ‘‘इदि एमि?’’ मुलगी म्हणाली, ‘‘एनुगु.’’ तेलुगूत हत्तीला एनुगु म्हणतात. एवढ्यावर ती थांबली नाही. तो केळी खातो, त्याचा पाय केवढा असतो, हे हात पसरून तिने दाखविले. वीस चित्रांपैकी सतरांची नावे तिने सांगितली, सगळी तेलुगूत. आईच्या हातातली विडी तशीच राहिली.

विचार करा, मराठी शब्दांचे माप लावले तर ही मुलगी शून्यावर होती आणि घरच्या भाषेचे लावले तर ती आपल्या वयाच्या पुढे होती. मूल एकच, चित्र एकच. त्या शेऱ्यावर विसंबून राहिले असते, तर एक हुशार पोर सूप घेऊन बसली असती आणि कोणाला कळलेही नसते. आज ती बालवाडीत येते. मराठी अजून थोडेच बोलते, पण गाण्याच्या वेळी तिचा आवाज सर्वांच्या वर असतो.

त्या दिवसापासून अभ्यासाच्या मुलीने आपले काम वाढवून घेतले. प्रत्येक चित्रासाठी मराठी, तेलुगू, कानडी व उर्दू शब्दांची यादी केली, आणि मूल कोणत्याही भाषेत बोलले तरी ते उत्तर धरले. यात तिचे दोन-अडीच महिने गेले. मी म्हटले, ‘‘अगं, उशीर होईल तुला.’’ ती म्हणाली, ‘‘काकू, चुकीच्या मापाने लवकर संपवून काय करू?’’

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण म्हणाल की प्रत्येक गप्प मूल भाषेमुळेच गप्प असते. तसे नाही. त्याच गल्लीतला एक अडीच वर्षांचा मुलगा पाठीमागून हाक मारली तर वळत नसे. तेथे तिने यादी बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘‘आधी याचे कान तपासून आणा.’’ तपासले, तो ऐकण्यात दोष निघाला. आता त्याचे उपचार चालू आहेत. सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना 2013 सालापासून आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतील विलंब तपासणे हे तिचे काम. अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी मुलाला आत्याकडे धाडू नका, एवढीच विनंती.

आता भीतीविषयी. ‘‘आमच्या पोरांवर प्रयोग करणार का?’’ असे एका आईने मला विचारले. या प्रश्नाचा राग मानू नये. आईने तो विचारलाच पाहिजे. मी त्या मुलीला तो जसाच्या तसा विचारला. तिने कागद दाखविले. अभ्यास सुरू करण्याआधी तिला समितीपुढे सगळी रीत मांडून मंजुरी घ्यावी लागली. प्रत्येक घरी आईबापाची परवानगी लागते. ती त्यांच्या भाषेत समजावून घ्यावी लागते. वाटेल तेव्हा ‘आता नको’ म्हणता येते आणि त्याचे कारणही द्यावे लागत नाही. नावाऐवजी आकडा लिहितात. मूल कंटाळले किंवा रडू लागले तर त्या दिवसाचे काम तिथेच थांबते. दोन घरांनी नको म्हटले, तेथे ती पुन्हा गेली नाही; वाटेत भेटली तर हसून बोलते मात्र. आणखी एक गोष्ट मी पाहिली. विडीवाल्या आईचा अर्धा तास म्हणजे तितक्या विड्या कमी, तितके पैसे कमी. म्हणून तिने कोणाला काम सोडून बसायला लावले नाही. आई वळत राही आणि ही बाजूला बसून विचारीत राही.

तिथेच तिने एक साधी गोष्ट आम्हांला सांगितली. विडी वळताना हात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळे असते. त्या वेळी मुलाशी बोला. आज काय खाल्ले, कोण आले, कावळा कुठे बसला, पोळ्या किती झाल्या, काहीही बोला. आपल्याच भाषेत बोला. मूल विचारील त्याला उत्तर द्या आणि त्याचे संपेपर्यंत ऐकून घ्या. तंबाखूच्या धुळीपासून मात्र त्याला दूर बसवा. त्याला गप्प बसविण्यासाठी हातात मोबाईल देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसविणे योग्य नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. मोबाईल पुष्कळ बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही.

ज्यांच्या मुली शिकत आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण ‘पीएच.डी. म्हणजे जन्म जातो’ असा आपला समज आहे. एम.ए. किंवा त्या बरोबरीची पदवी चांगल्या गुणांनी घेतल्यावर प्रवेशपरीक्षा असते. मग मार्गदर्शक मिळतात, काही महिने अभ्यासक्रम, त्यानंतर संशोधन, प्रबंध, आणि शेवटी सर्वांसमोर तोंडी परीक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षांची मुदत असते. स्त्रियांना ती आणखी वाढवून मिळू शकते, आणि बाळंतपण व मुलाच्या संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. म्हणजे लग्न झाले, मूल झाले की अभ्यास बुडालाच, असे आता नाही. महर्षी कर्व्यांनी 1916 साली काढलेल्या, आता मुंबईत असलेल्या महिला विद्यापीठात मानवी विकास हा विषय शिकविला जातो. आपल्या सोलापुरातही 2004 सालापासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. मुलगी हुशार असेल तर निदान तिथे जाऊन चौकशी करण्याइतका वेळ आपण काढावा.

भगिनींनो, शेवटी तीन गोष्टी आपणांपुढे ठेवते, आणि आजच्या सभेतच त्यांचा निर्णय व्हावा असे मला वाटते. पहिली, या अभ्यासाला आणखी एक वर्ष मंडळाने जागा द्यावी. मात्र अभ्यास पुरा झाल्यावर तिने निष्कर्ष आपल्याला आपल्या भाषेत येऊन सांगावेत, ही अट घालावी. तिने ती आनंदाने कबूल केली आहे. दुसरी, मंडळाच्या बालवाडीत प्रवेशासाठी कोणत्याही मुलाची परीक्षा घेऊ नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2020 साली तीन ते आठ वर्षे हा पायाचा काळ मानून खेळातून व घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिला आहे. मग साडेतीन वर्षांच्या जिवाला नापास कोण करणार? आणि तिसरी, ज्यांना तेलुगू, कानडी, उर्दू येते अशा आपणांपैकी एकीने रोज तासभर बालवाडीत बसावे. पगार मिळणार नाही. पहिला महिना मी बसते. पुढच्या महिन्यांसाठी नावे कार्यवाहबाईंकडे आजच द्यावीत.